दुसरा भाग बघायला जाताना

विज्ञानपटांचे दुसरे भाग मला आवडत नाहीत. पहिल्या भागात जे न सांगता सोडलेलं असतं, तेच नेमकं हे लोक समजावून सांगायला बसतात. पहिल्यात एक यान असतं, दुसऱ्यात सगळं आभाळ यानांनी भरलेलं. पहिल्यात मेलेला माणूस काहीतरी थातुरमातुर कारण देऊन परत येतो. तरीही गेल्या वर्षी अशाच एका दुसऱ्या भागासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

कारण तो सिनेमा माझा नव्हता. माझ्या नवऱ्याची पहिली बायको आणि तिची मुलगी, या दोघींचा होता. पहिला भाग त्यांनी टीव्हीवर, हिंदीत डब केलेला, कित्येक रविवारी दुपारची जेवणं आटोपल्यावर बघितला होता. बंद पडत चाललेल्या यानात एकटी उरलेली बाई आणि तिला सोबत करणारं एक यंत्र, एवढीच गोष्ट. पुढे मुलीची आई आजारपणात गेली.

मी या घरात आले तेव्हा मुलगी नववीत होती. आमचं लग्न विहारात साधेपणानं झालं. तिने सगळ्यांना पाणी दिलं, मलाही दिलं आणि "मावशी, घ्या" म्हणाली. पुढे "घ्या"चं "घे" झालं, बाकी काही बदललं नाही. सांगितलेलं ऐकायची, ताट उचलायची, कधी उलटून बोलायची नाही. लोक म्हणायचे, नशीब काढलंस. मला मात्र त्या शहाणपणाची धास्ती वाटायची. स्वतःच्या घरात कोणी इतकं नीट वागत नाही. ही मला पाहुणी समजते आणि पाहुणी एक दिवस जाणार, असं धरून चालली आहे, हे मनातून जाईना.

दुसरा भाग नाशकात लागणार म्हटल्यावर तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तिला न्यायचं कबूल केलं होतं. पण द्राक्षांचा हंगाम. नवरा पिंपळगावला पॅकहाऊसमध्ये, माल निघत असला की त्याला घरी जेवायला यायलाही सवड नसते. त्याने ऐनवेळी हात वर केले. तेव्हा ती मला म्हणाली, "मावशी, तू येशील?" मी लगेच हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. तिला मैत्रिणी होत्या की. मग मलाच का? आणि सिनेमा भिकार निघाला तर? आईबरोबरचा पहिला भाग चांगला, मावशीबरोबरचा दुसरा फालतू, अशी तिच्या डोक्यात कायमची नोंद होणार.

मी देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. धडा वाचल्याशिवाय वर्गावर पाऊल टाकायचं नाही, ही माझी खोड. पहिला भाग मी फोनवर बघून काढला, स्टाफरूममध्ये डबा खाता खाता. पात्रं पाठ केली. शिवाय एक गोष्ट पक्की ठरवली होती. भांडी पुसताना ती एकदा सहज बोलून गेली होती, की आईला सिनेमातलं काही म्हणजे काही कळायचं नाही. हा कोण, तो का मेला, आता हे कुठे निघाले, विचारून विचारून डोकं खायची. ते ऐकून मी ठरवलं, आपण हिचं डोकं खायचं नाही. एक अक्षर विचारायचं नाही.

सिनेमा सुरू झाला. सगळं मला वाटलं होतं तसंच. नुसता धडाका. पहिल्या भागातलं ते मोजकं बोलणारं यंत्र आता विनोद करत होतं. मी अंधारात हळूच तिच्याकडे बघितलं, तर ती माझ्याकडेच बघत होती. पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. मी गुणी विद्यार्थिनीसारखं पडद्याकडे तोंड केलं.

मध्यंतरात मला राहवलं नाही. पहिल्या भागात जो दरवाजा उघडाच राहिला होता त्याचाच हा धागा असणार, असं मी मोठ्या ऐटीत सांगून टाकलं.

तिचा चेहरा उतरला. "तू पहिला बघितलास?"

"हो. म्हटलं, तुला समजावत बसायला नको."

"अच्छा," म्हणाली आणि तिने फोन काढला. मी कोणाच्या तरी देवघरात चपला घालून शिरल्यासारखं मला झालं. पॉपकॉर्न आमच्या दोघींच्या मध्ये तसंच राहिलं.

उत्तरार्धात माझं मन लागेना. शेवटी त्या बाईला न्यायला माणसं येतात, तरी ती मागे फिरते आणि बंद पडलेल्या यंत्रापाशी जाऊन बसते, एवढं मात्र लक्ष देऊन बघितलं. बाहेर आलो, स्कूटर काढली, ती मागे बसली. मला भीती एकाच गोष्टीची होती. घरी पोचल्यावर ती "थँक्यू मावशी" म्हणेल आणि दार लोटून घेईल. तसं झालं असतं तर मी पुन्हा तिला कुठे चल म्हणायची हिंमत केली नसती.

म्हणून मी ठरवलेलं मोडलं. "ती परत का गेली गं? सुटका झाली होती ना?"

मग ती माझ्या खांद्याशी झुकली आणि गाड्यांच्या आवाजावर आवाज चढवून सांगायला लागली. मी आणखी विचारलं. ते यंत्र बिघडलं की त्याने स्वतःलाच बंद केलं? तिने त्याचंही उत्तर दिलं, विज्ञानाच्या दृष्टीने साफ चुकीचं. मी जीभ आवरली.

द्वारका चौकातल्या सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "मावशी, तुला सगळं कळलंय. तू उगाच विचारतेयस."

खोटं बोलून निभावलं नसतं. "हो," मी म्हटलं.

"आईपण उगाच विचारायची," ती म्हणाली. "तिला सगळं कळायचं. मला ते ती गेल्यावर लक्षात आलं."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि मला गाडी पुढे घ्यायचं सुचेना. "तुला आवडत नसेल तर नाही विचारत मी," कसंबसं म्हणाले.

"आवडत नाही असं म्हटलं का मी?" ती माझ्यावर खेकसली, पहिल्यांदाच. "गाडी काढ. आणि पुढचं विचार."