दहा निरोगी पोटं

मी डॉक्टर झालो यात आईवडिलांचे आणि शाळेतल्या गुरुजींचे उपकार आहेतच, पण पहिलं नाव घ्यायचं तर ते सिंदेवाहीजवळच्या एका लहानशा दवाखान्यातल्या कंपाउंडरभाऊंचं.

एकोणीसशे पन्नासनंतरची पहिली काही वर्षं. आमचा सगळा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यात. मी नागपूरला डॉक्टरी शिकत होतो. आमच्या सरांचा नियम असा, की सुट्टीला घरी जाताना प्रत्येकाने 'या महिन्यात मी काय शिकेन' हे स्वतःच वहीत लिहायचं आणि जिथं शिकू तिथल्या माणसाची सही आणायची. सही नाही तर परीक्षा नाही. आणि परीक्षा हुकली तर वसतिगृहातली माझी फुकट जागा जाणार, म्हणजे मी परत धानाच्या बांधीत. घराण्यात मॅट्रिक झालेला मी पहिलाच होतो.

मी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'दहा वाढलेल्या पानथऱ्या हाताने ओळखेन.' पानथरी, म्हणजे प्लीहा, डाव्या बरगडीखाली असते. धडधाकट माणसाची हाताला लागत नाही, हिवतापाने वाढली की लागते. आणि आमच्याकडे हिवताप घरोघरी. सुट्टीत भाऊंच्या दवाखान्यात गेलो आणि पहिल्या दिवशी चहाच्या आत माझ्या दहा पानथऱ्या झाल्या. वही घेऊन भाऊंपुढे उभा राहिलो. ते औषधाच्या बाटल्यांवर खुराकाच्या पट्ट्या चिकटवत होते.

"झालं? मंग बाकीचा महिना काय करता, डॉक्टर?"

"भाऊ, सही."

"नदीत पाणी सापडलं म्हून कोणी सही मागते काय? नसलेली पानथरी ओळखता येते का तुमाले?"

त्यांनी माझी ओळ खोडली आणि खाली लिहिलं : 'दहा निरोगी पोटं'.

आजारी माणूस सांगितलं की आडवा होतो. निरोगी होत नाही. दवाखान्यासमोर प्रवाशांची मोटार थांबली तेव्हा मी ड्रायव्हरला टेबलावर आडवं व्हायची विनंती केली.

"मले काऊन झोपवता? मी चांगला हावो."

"म्हणूनच, ड्रायव्हरभाऊ."

"चांगल्याले दवाखान्यात झोपवून राह्यले, आता मोटार बिमाराले चालवाले देता काय?"

सगळी मोटार हसली. तिथल्या प्राथमिक शाळेचे गुरुजी मात्र भले. मधल्या सुट्टीत येऊन टेबलावर आडवे झाले. खिडकीतून कोणीतरी पाहिलं. गुरुजी घरी पोचले तोवर अंगणात माणसं जमली होती आणि त्यांच्या पत्नी गुरुजींनाच धीर देऊ लागल्या.

खरी पंचाईत वेगळीच होती. पहिल्या तीन निरोगी पोटांतही मला पानथरी लागली.

"ते बरगडी हाय, डॉक्टर," भाऊ म्हणाले. "तुमाले पायजे म्हून ते पानथरी होत नाई."

महिना संपत आला तेव्हा नऊ पोटं झाली होती. दहावं भाऊंनी स्वतःचं दिलं. "हळू. आत्ताच जेवलो." चांगलं घसघशीत पोट. मी बराच वेळ शोधलं आणि म्हणालो, "नाही लागत." त्यांनी तिथंच, आडव्यानेच, सही केली. ती सही वहीत तिरपी आहे.

परीक्षेत बाहेरगावचे परीक्षक होते. त्यांनी एका माणसाच्या पोटाकडे बोट दाखवलं. "चांद्याचा ना तू? मग सांग, पानथरी किती बोटं वाढली आहे?"

माझ्या आधीचा 'दोन बोटं' म्हणून गेला होता. मी दाबलं, परत दाबलं. 'दोन बोटं' माझ्याही जिभेवर आलं. मग तीन बरगड्या आठवल्या.

"सर, लागत नाही."

"नीट पाहा."

पाहिलं. "नाही लागत, सर."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. निकाल लागला त्या दिवशी मी हे पत्र टाकलं :

'तीर्थस्वरूप भाऊंना शिरसाष्टांग नमस्कार.

परीक्षेत एक पोट मिळालं. त्यात काही नव्हतं, तसं सांगितलं. पास झालो, वसतिगृहातली जागा राहिली. तो पोटवाला माणूस कॉलेजचाच माळी निघाला, ठणठणीत. पुढच्या सुट्टीत काय शिकायचं ते तुम्हीच वहीत लिहा, म्हणजे खोडायला नको. गुरुजींच्या घरी सांगा, त्यांना काही झालेलं नाही. आणि ड्रायव्हरभाऊंना सांगा, मी त्यांच्याच मोटारीने येतोय, उतरल्यावर पोट बघणार.

आपला आज्ञाधारक.'