मांडीखाली हात

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, पण कोणी वाचलीच तर जरा दम धरून वाचावी. आमच्या बाई आज असत्या, तर माझ्या हातातलं पेन घेऊन "दे, मी लिहिते" असं म्हणाल्या नसत्या. समोर मांडी घालून बसल्या असत्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून. आणि मधेच कोणी बोलायला आलं, की मान न वळवता म्हणाल्या असत्या, "थांबा, काम चालू हाय."

बाई मुकुंदवाडीत, स्टेशनामागच्या गल्लीत अंगणवाडी चालवायच्या. मी त्यांची मदतनीस. पत्र्याची एक खोली आणि वीस-बावीस लेकरं. खिचडी शिजवणं, झाडणं, नाकं पुसणं हे माझं काम दिसायचं. बाईंचं काम दिसायचं नाही, हीच अडचण होती.

दुपारी सुटायच्या वेळी बाई दारात बसायच्या. ज्याने त्याने आपली चप्पल आपण घालायची. डाव्या पायातली उजव्यात जायची, बक्कल सुटायचं, रडारड व्हायची. बाहेर आया ताटकळत उभ्या. मी नवीन असताना धावत जाऊन पट्टे लावायची. बाईंनी मला जवळ बसवलं.

"हात लई आगाऊ असतेत आपले," त्या म्हणाल्या. "त्यांना बसव आधी."

तेव्हापासून मीही मांडीखाली हात घ्यायला लागले. करून बघा. कोणाचं काम डोळ्यांसमोर चुकत असताना हात दाबून बसणं खिचडी शिजवण्यापेक्षा जड आहे. पट्टा लागला की बाई शाब्बास म्हणायच्या नाहीत. फक्त विचारायच्या, "झालं?" लेकरू म्हणायचं, "झालं." मग बाई दारातून बाजूला सरकायच्या आणि वाट द्यायच्या.

गल्लीला हे काम वाटत नव्हतं. पलीकडे एक नर्सरी होती. तिथे टाय होता, फी होती आणि शिकवणाऱ्या मुलीला सगळे टीचर म्हणायचे. आमच्या बाईंना खिचडीवाल्या बाई म्हणायचे. कंपनीत वॉचमन असलेला एक बाप एकदा म्हणाला, "तुमचं बरं हाय बाई. पोरं राखायची अन् पगार घ्यायचा. आमची म्हातारी गावाकडं शेळ्या अन् पोरं संगंच राखायची."

बाई म्हणाल्या, "शेळ्यांना चप्पल नसती दादा."

तो स्वतः बारा तास गेटवर खुर्चीत बसायचा. त्याच्या बसण्याला मात्र ड्युटी म्हणत.

त्याचीच मुलगी, तीन वर्षांची, भारी हट्टी. तिला नव्या सँडल आणल्या होत्या, बारीक बक्कलवाल्या. तीन दिवस तिला बक्कल लागलं नाही म्हणून आईने लावून दिलं होतं. चौथ्या दिवशी तिने आईला हात लावू दिला नाही. आई कंटाळून पाणी भरायला निघून गेली. बाई मुलीसमोर बसल्या, हात मांडीखाली. नेमके तेव्हाच वरचे साहेब तपासणीला आले.

बाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "थांबा, काम चालू हाय."

साहेबांना थांबायची सवय नव्हती. ते माझ्याकडे वळले.

"या किती वेळच्या बसल्यात?"

मला मोठ्या माणसांसमोर बोलता येत नाही. जेवढं विचारतात तेवढंच तोंडातून निघतं. "अर्धा तास झाला असंल," मी म्हणाले.

"हात हलवला का काही कामाला?"

"नाय."

साहेबांनी ते कागदावर लिहिलं आणि माझी सही घेतली. "सही छान करता," असंही म्हणाले. मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही. साहेबांची गाडी गल्लीतून वळली आणि इकडे बक्कल लागलं.

"झालं?"

"झालं."

पुढच्या महिन्यात बाईंचं अर्धं मानधन कापून आलं. कामाच्या वेळेत रिकाम्या बसल्या, असं कारण होतं. त्या पैशांत शहागंजच्या बाजारातून नवा चष्मा करायचा होता. बाईंनी जुन्याच चष्म्याची काडी दोऱ्याने बांधली. मीच रडत विषय काढला, तर म्हणाल्या, "खोटं कुठं सांगितलंस? बसलेच व्हते की."

रागावल्या असत्या तर सुटले असते. मी म्हणाले, "बाई, कापलेले पैसे मी भरून देते. दर महिन्याला थोडे."

आपल्यात अशा वेळी समोरचा एकदा तरी नको म्हणतो. मीही तेवढ्या आशेनेच थांबले होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, हात मांडीखाली घेतले आणि म्हणाल्या, "दे."

मला राग आला, खरं सांगते. माझं मानधन बाईंच्या निम्म्याला टेकणारं. एक महिना पोराच्या वह्यांपायी देता आले नाहीत. त्यांनी मागितले नाहीत आणि सोडलेही नाहीत. गल्लीत कळलं तेव्हा बायका म्हणाल्या, "मदतनिसाचे पैसे घ्यायला हिला काही वाटत नाय का?" बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

हप्ते चालू असताना मधेच बाई रिटायर झाल्या. निरोपाला तेच साहेब आले. शाल, नारळ दिला आणि भाषणात म्हणाले, "बाईंनी एक क्षणही न बसता सेवा केली." टाळ्या झाल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडाला लावला.

त्या पाचोडला आपल्या घरी राहायला गेल्या. दोन वर्षं होत आली होती, शेवटचा हप्ता राहिला होता. तो बुडवला असता तर कोणाला कळलं नसतं. बाजाराच्या दिवशी एसटीने मी गेले. बाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, वाळलेल्या, चष्मा तोच. त्यांना ये म्हणायचीही मी उसंत दिली नाही, नोटा पुढे केल्या.

"मोजून दे," बाई म्हणाल्या.

मोजताना मी चुकले. चौथीचं गणित. पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा चुकले. त्यांची सून आतून म्हणाली, "द्या मावशी, मी मोजते."

"थांब," बाई म्हणाल्या. "काम चालू हाय." आणि त्यांचे हात मांडीखाली गेले.

तेव्हा मला कळलं, दोन वर्षं मी कोणासमोर बसले होते.

तिसऱ्यांदा हिशेब बरोबर आला. सगळे फिटले.

"झालं?"

"झालं, बाई."

बाईंनी हात काढले, नोटा पदराला बांधल्या आणि उंबऱ्यावरून बाजूला सरकून मला आत वाट दिली.