स्टेशनमास्तरांची कोरडी पेटी

प्रिय ओदील,

तुझी भाची क्लोतिल्द घराण्याचा इतिहास छापते आहे. गुळगुळीत कागद, आजोबांचा मिशीवाला फोटो, तुझ्या भावाचा, आन्सेल्मचा, बॅरलवर हात ठेवलेला फोटो. माझ्याकडे तपासायला आणून दिला, कारण मी जन्मभर शाळेत वह्या तपासल्या आणि आता दुसरं काही करत नाही असं तिला वाटतं. त्यात तुझ्यासाठी एक ओळ आहे : ‘कु. ओदील ब्रेशार या माल पोहोचवण्याचं काम पाहत.’

मी ती ओळ लाल पेन्सिलीने खोडली. मग लक्षात आलं की खोडलं तर तिथं काहीतरी लिहावं लागेल. म्हणून हे. तू फेब्रुवारीत देवाघरी गेलीस, त्यामुळे आता मध्येच तोंड घालून माझं वाक्य तू पुरं करणार नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा.

बाकीचा इतिहास ठीक आहे. तुझे आजोबा फिर्मां इतरांसारखीच द्राक्षं पिकवत आणि एपर्नेच्या बड्या शॅम्पेन घराण्यांना विकत. एका वर्षी दलालाने इतका पडता भाव सांगितला की म्हातारा टोपल्या परत घेऊन आला आणि शेजाऱ्याच्या घाण्यावर स्वतःच रस काढला. पहिल्या बाटल्यांपैकी निम्म्या तळघरात फुटल्या. उरलेल्या आजीने स्टेशनवर गाड्या थांबतील तशा प्रवाशांना विकल्या. ब्रेशार शॅम्पेन अशी रागातून सुरू झाली. क्लोतिल्दने तिथं ‘दूरदृष्टी’ असा शब्द घातलाय. तोही मी खोडला.

तू लहानपणापासून लेबलं चिकटवलीस. पुढं आन्सेल्म तळघरात, तू वर. बाटली वर्षानुवर्षं खाली अंधारात उघडीच, म्हणजे बिनलेबलाची, पडलेली असते. तिचा गाळ काढायचा, साखरेच्या पाकातली वाइन थोडी किंवा जास्त घालायची, बूच मारायचं आणि गिऱ्हाइकाकडे निघायच्या वेळी तिला कपडे चढवायचे. कमी पाक ती कोरडी, तिला चांदीच्या किनारीचं लेबल. जास्त पाक ती गोड, तिला सोनेरी. बाहेरून बाटल्या सारख्याच. त्यामुळे कुठला ढीग कुठला, हे सांगायला ढिगावर पाटी टांगलेली असते.

त्या वर्षी पेट्रोल महागलं होतं, पॅरिसचे दुकानदार फोन उचलत नव्हते आणि तळघर गच्च भरलेलं होतं. आन्सेल्मने जेवताना सांगून टाकलं, “अकरा नोव्हेंबरला, संत मार्तँच्या सणाला, दलाल करार घेऊन येतोय. पुढच्या वर्षापासून सगळी द्राक्षं किलोवर देऊन टाकायची. बाटल्या बंद.”

“आणि मी काय करू?” तू विचारलंस.

“एपर्नेला मोठ्या घराण्याच्या बांधणीखात्यात, लेबलं चिकटवायला, बायका घेतात. पगार बरा आहे.”

“मी आजवर आपलं लेबल चिकटवलं. दुसऱ्याचं चिकटवणार नाही.” आणि त्याच दमात, “तयार करून ठेवलेला माल मी सणाच्या आत विकून दाखवला तर?”

“कशी विकणार? चालत?”

बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं त्याने. दरवर्षी गाडी घेऊन उत्तरेकडच्या गिऱ्हाइकांची फेरी तोच करायचा. दारात पेटी ठेवायची, पैसे घ्यायचे, सुटायचं. तुला गाडी येत नव्हती. परीक्षेत तू तीनदा नापास, कारण परीक्षकाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघायची तुझी सवय.

म्हणून तू माझ्या दारात आलीस. मला नोव्हेंबरच्या सुरुवातीची, सर्व संतांच्या सणाची सुट्टी होती आणि तपासायला गठ्ठाभर भूगोल.

“जिनेत, तुझ्याकडे लायसन आहे.”

“आहे. आणि डोकंही आहे. नाही.”

“सकाळी सहाला निघू. कोट जाड घे, गाडीचा हीटर चालत नाही.”

ती पन्हाळी पत्र्याची डुकरतोंडी गाडी! मागे पेट्या किणकिणतायत, तू मांडीवर सॉसेजचं पुडकं घेऊन बसलेली आणि चढ आला की हळूच म्हणायचीस, “चल बाई, चल.” मला वाटायचं मला म्हणतेस.

पहिलं घर दुए गावच्या फ्लोरिमाँ खाटकाचं. मी इंजिन बंदच करणार नव्हते. तू मात्र आत जाऊन एप्रन मागितलास. त्याची बायको फेर्नांद मनुकांत ससा शिजवत होती. तू बटाटे सोलायला बसलीस. तिच्या सासूचा गुडघा, लेकीचं मोडलेलं लग्न, दुकानातल्या नव्या पोऱ्याचे लांब केस. वाइनबद्दल चकार शब्द नाही. मी टेबलाखालून तुझ्या पायावर पाय मारला. तू मोठ्याने म्हणालीस, “मास्तरीणबाईंना भूक लागलीय, वाढा.”

मग फ्लोरिमाँने बाटली उघडली. सगळ्यांनी घोट घेतला. फेर्नांदचा चेहरा उजळला. “अरे वा! यंदा जमली की हो, ओदीलबाई! दरवर्षी कौतुक करायचो, पण खरं सांगू? दात आंबायचे.”

फ्लोरिमाँने दुसरा ग्लास भरला. तिसराही. तू तुझा ग्लास खाली ठेवलास आणि माझ्याकडे बघितलंस. तुझा रंग त्या सोललेल्या बटाट्यासारखा झाला होता.

“जिनेत, गाडीतून दुसऱ्या पेटीतली आण.”

आणली. मग तिसऱ्या पेटीतली. सगळी गोड. सगळ्यांवर चांदीची किनार.

तू खाटकाच्या दुकानातून घरी फोन केलास आणि ओळीत उभ्या गिऱ्हाइकांसमोर तुमचं भांडण झालं. तुझी बाजू सगळ्यांनी ऐकली. त्याची तू मला दुसऱ्या दिवशी गाडीत ऐकवलीस, आवाज काढून. डावी भिंत ठिबकायला लागली म्हणून आन्सेल्मने दोन्ही ढिगांची अदलाबदल केली होती. पाट्या राहिल्या होत्या तिथंच.

“मी तुला सांगितलं होतं,” आन्सेल्म म्हणाला.

“भिंतीला सांगितलं असशील!”

“परत या. खोटं लेबल लावून माल विकला असं कुणी म्हणायला नको. परत या, मी सही करतो आणि सुटतो एकदाचा.”

“वाइन चांगली आहे, आन्सेल्म. लेबल चुकलंय. सोनेरी लेबलं पाठव.”

त्याने फोन ठेवून दिला.

मी तुला तेव्हा काय सांगितलं ते क्लोतिल्दने खुशाल छापावं. मी म्हटलं, गप्प बस, पेट्या उतरव, पुढं चल. लोक खूश आहेत, तुझं घर वाचतंय, साखर थोडी जास्त आहे एवढंच. तू एप्रनला हात पुसलेस आणि आत जाऊन दोघांना सरळ सांगितलंस.

“गोड?” फ्लोरिमाँ ताठ बसला. “मी गोड पीत नाही.”

“तिसरा ग्लास आहे तुझा,” तू म्हणालीस.

“ती गोड आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं!” मग जरा पुढं वाकून, “असं करा. लेबल राहू द्या तसंच. माझा मेहुणा वकील आहे. त्याच्यासमोर सोनेरी बाटली ठेवली तर जन्मभर हसेल.”

“नाही, फ्लोरिमाँ. खाली आमचं नाव आहे.”

“मग लेबलच काढून टाका. उघडीच द्या.”

यावर तू विचार केलास. “उघडी चालेल,” म्हणालीस. “खोटे कपडे नकोत.” आणि त्याच्या मोरीत गरम पाणी सोडून आपण दुपारभर लेबलं खरवडली. वकील मेहुण्याने त्या उघड्या बाटल्यांचं काय केलं माहीत नाही, पण फ्लोरिमाँने आन्सेल्मकडून कधी घेतल्या नव्हत्या इतक्या पेट्या घेतल्या.

तरी गाडी भरलेलीच होती. सगळ्यांनाच काही मेहुणे नसतात. उघडी बाटली कोण घेईल? ठरल्याप्रमाणे मुक्कामाला बेत्यूनमध्ये लेस्तियेनसाहेबांकडे पोचलो तोवर तू एक शब्द बोलली नव्हतीस. मला ते सहन होत नव्हतं. तू गप्प असलीस की मला गाडी नीट चालवता येत नसे, हे त्या दिवशी कळलं.

लेस्तियेनसाहेब निवृत्त स्टेशनमास्तर. बायको बेर्त गेलेली, एकुलती लेक मारी-क्लेर कॅनडात. घरातली घड्याळं सगळी एकच वेळ दाखवणारी. त्यांनी दार उघडलं आणि नमस्कारसुद्धा न करता म्हणाले, “ओदीलबाई, स्टेशनवरून निरोप आहे. उद्या सकाळच्या गाडीने तुमच्या नावाचं पार्सल येतंय. एपर्नेहून.”

सकाळी आपण तिघं फलाटावर. पार्सल तुझ्या भावासारखंच : वाकडं, दहा गाठी मारलेलं, वर एक अक्षर जास्त नाही. आत सोनेरी लेबलांचे गठ्ठे. गठ्ठ्यांच्या मध्ये, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली, डिंकाची बरणी आणि तुझा नेहमीचा ब्रश.

तू ब्रश हातात घेऊन बाकावर बसलीस.

“सही करायची असती तर ब्रश पाठवला नसता,” एवढंच म्हणालीस. मी दुसरीकडे बघितलं. स्टेशनमास्तरांनी, सवयीने, गाडी वेळेवर सुटल्याची खात्री केली.

त्यांच्या न्हाणीघरातल्या टबात आपण बाटल्या बुडवल्या. ते पुसत होते, तू चिकटवत होतीस, मी खोक्यात भरत होते. त्यांचं लेबल एक केसभरही वाकडं जाईना; तू म्हणालीस, “साहेब, एपर्नेला बांधणीखात्यात जागा आहे, पगार बरा आहे.” तू स्वतःच त्या नोकरीवर विनोद करायला लागलीस, तेव्हा मला भूक लागली.

पण ते स्वतः गोड घेईनात.

“आमच्या घरात बेर्तने कधी गोड आणली नाही. मारी-क्लेर आली की तिच्यासाठी उघडायची, ती कोरडीच हवी. आईची आठवण म्हणून.”

“कधी येतेय?”

“उन्हाळ्यात म्हणतेय.”

“मग कोरडी पेटी तुमच्या नावाने बाजूला ठेवते. मी स्वतः आणून देईन.”

“तोवर,” ते खाकरले, “या सोनेरीतल्या दोन राहू द्या. औषध म्हणून.”

पुढची फेरी मी सांगत बसत नाही. तू पद्धत काढलीस : बाटलीला नॅपकिन गुंडाळायचा, जेवताना वाढायची, दुसरा ग्लास मागितला की नॅपकिन काढायचा. रुबे गावच्या त्या दंतवैद्याने याला फसवणूक म्हटलं. तू म्हणालीस, “डॉक्टर, लेबलाशिवाय प्यायलात तेव्हा तुमची जीभ काय म्हणाली? तिला विचारा, मला नको.” त्याची म्हातारी आई इतकी हसली की कवळी हातात काढावी लागली. पेट्या तिनेच घेतल्या, स्वतःच्या पैशाने. आणि प्रत्येक घरी तू बसलीस. मी घड्याळ दाखवत राहिले आणि तू दुसऱ्यांदा सूप घेत राहिलीस. माल तू विकलाच नाहीस. तू जेवलीस, आणि आपण निघताना लोक विचारायचे, अहो, वाइन द्यायची विसरलात की!

सणाच्या आदल्या संध्याकाळी गाडी अंगणात शिरली तेव्हा मागून किणकिण येत नव्हती. आन्सेल्म दारात उभा होता. त्याने मागचं दार उघडलं, रिकाम्या गाडीत डोकं घालून बराच वेळ बघितलं.

“ब्रश परत आणलास का?” त्याने विचारलं.

“आणलाय.”

“बरं.”

दुसऱ्या दिवशी दलाल आला, त्याला गोडातला एक ग्लास मिळाला आणि तो सहीशिवाय गेला. भावाबहिणीने या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही. फक्त गोड ढीग दरवर्षी थोडा मोठा होत गेला, आणि फेरी तुझी झाली. ड्रायव्हर मी. प्रत्येक सुट्टीत. मला कुणी विचारलंही नाही.

तर क्लोतिल्द, तूही हे वाचशील म्हणून लिहिते : ‘माल पोहोचवण्याचं काम पाहत’ हे काढ. ‘ओदील ब्रेशारने हे घर चालू ठेवलं’ असं लिही. आणि फोटो घाल. एप्रनमधला.

आता लिहिण्याचं खरं कारण, ओदील. क्लोतिल्दला तळघरात, डाव्या कोपऱ्यात, कोरड्या वाइनची एक पेटी सापडलीय. वर खडूने तुझ्या अक्षरात ‘लेस्तियेन’. ती विचारते, ही कुणाची? पुस्तकाच्या समारंभात उघडू या का, पॅरिसहून वाइनवर लिहिणारे लोक येणार आहेत.

मी तिला काय सांगू? की दरवर्षी आपण ती पेटी गाडीत चढवायचो, आणि दरवर्षी ते दारातच म्हणायचे, राहू द्या, मारी-क्लेर पुढच्या उन्हाळ्यात येतेय, तेव्हाच आणा, इथं माझ्याकडे ऊन लागेल? की ते दोन सोनेरी बाटल्या घ्यायचे, औषध म्हणून, आणि आपण पेटी परत आणायचो? ते गेल्याचं आपल्याला उशिरा कळलं. लेक आली होती, मातीला. तीन दिवस त्या घरात राहिली आणि परत गेली, आणि पेटी इकडे खाली.

तू तेव्हा म्हणालीस, “जिनेत, तिचा पत्ता काढू. जहाजाने पाठवण्यात अर्थ नाही, वाइन हलते फार. ती पुन्हा येईल तेव्हा आपण नेऊन देऊ. मी शब्द दिलाय.” मी म्हटलं, काढू. बेत्यूनच्या नगरपालिकेला मी लिहिलं, उत्तर आलं, पत्ता मिळाला. तिने नाताळचं कार्डही पाठवलं : येईन, नक्की, बहुतेक पुढच्या उन्हाळ्यात.

क्लोतिल्दला मी सांगितलंय, हात लावू नकोस, ती आपली नाही. आतली वाइन एव्हाना कशी झाली असेल कुणास ठाऊक. गाडी आन्सेल्मने कधीच भंगारात दिली आणि माझं लायसन डोळ्यांच्या डॉक्टरने काढून घेतलं. मारी-क्लेरचं कार्ड माझ्या स्वयंपाकघरात, कॅलेंडरच्या मागे खोचलेलं आहे. उन्हाळा अजून यायचाय.

तुझी,
जिनेत