परशाअण्णाचा चहामळा

आमच्या परशाअण्णाचे किस्से सांगायला बसलं की एकच अडचण. एक सांगून होईस्तोवर तिकडं त्यानं दुसरा तयार केलेला असतो!

अण्णा माझा चुलतभाऊ. मी बेळगावात ऑफिसला, तो खानापूरकडं गावात शेतीला. माझा रविवार त्याच्याकडंच. मागं तो उटीला ट्रिपला गेलता. लोक तिकडून निलगिरी तेल आणतात. यानं चहाची रोपं आणली!

*

निम्मी रोपं त्यानं आपल्या उतारावरच्या तांबड्या जमिनीत लावली, निम्मी संकेश्वरला सासऱ्यांच्या काळ्या रानात. चहाच्या मुळाशी पाणी तुंबलेलं चालत नाही, हे बजावून सांगितलं. पण सासरे पडले ऊसवाले! रोप मलूल दिसलं की सोड पाणी. आणखी मलूल झालं, आणखी सोड. अण्णा बघायला गेला तर रोपांच्या जागी बेडकं.

सासरे उलट त्यालाच म्हणाले, "जावईबापू, जे माझ्या रानात येत न्हाय, ते मी तोंडात घालत न्हाय!"

"मग चहा सोडला व्हय मामा?"

"...दुपारचा सोडलाय."

*

तांबड्या जमिनीतली जगली, पण वाढेनात. उटीच्या मळ्यातला एक सुपरवायझर अण्णाच्या ओळखीचा झालता. तो फोनवर म्हणाला, "चहाला माती आंबट लागते. तुमची कशी आहे ते तपासून घ्या."

अण्णानं निम्मंच ऐकलं आणि घागरभर ताक नेऊन रोपांना घातलं!

वहिनी बांधावर उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "हळद-मिरची बी घाला. दुपारच्याला कढीच खाऊ!"

*

नंतर माती तपासली, तर ती मुळातच आंबट. अडचण उन्हाची होती. उटीची हवा कुठं आणि आमचा एप्रिल कुठं! पानं करपायला लागली. सावलीची झाडं वाढायला वर्षं लागणार, म्हणून अण्णानं बांबू रोवून वर वहिनींच्या जुन्या साड्या बांधल्या. लाल, हिरव्या, जरीकाठी. लांबून बघितलं तर मांडवच!

लग्नसराईचे दिवस. वऱ्हाडाचा एक टेम्पो थेट रानात वळला. एक म्हातारे पाहुणे उतरले, फेटा सारखा केला आणि विचारलं, "नवरा कुठाय?"

अण्णा गोंधळून म्हणाला, "मीच की! पण माझं झालंय."

*

पावसाळ्यात झुडपं फुटली. आता दर आठवड्याला शेंड्याची दोन पानं आणि कळी खुडायची. खुडत राहिलं तरच नवे कोंब येतात, उशीर झाला की पान राठ होतं. पण अण्णाचा हातच चालेना. "लेकराचा कान उपटल्यागत वाटतंय रं!"

शेवटी वहिनींचा संयम सुटला. "रविवारपतोर कपभर चहा दिसला न्हाय, तर सगळं उपटून काजू लावणार!"

अण्णा खरंच घाबरला. जेवण जाईना. रविवारी जीव घट्ट करून त्यानं पानं खुडली, हातानं मळली, तव्यावर वाळवली आणि चहा केला. मी एक घोट घेतला. करपलेली भाकरी पाण्यात बुडवल्यागत! अण्णा स्वतःचा कप तसाच धरून वहिनींच्या तोंडाकडं बघत बसलेला.

वहिनींनी पार तळापर्यंत प्यायला. कप खाली ठेवला.

"साखर बरोबर पडलीया," म्हणाल्या.

काजूचा विषय पुन्हा निघाला नाही.

*

यंदा ऐन पावसात अण्णा तापानं पडला. वहिनी त्याच्या उशाशी, खुडणी बंद. त्यातच वहिनींची मावशी पारवाक्का पाहुणी म्हणून आलेली. तिला मळ्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. एवढा कोवळा पाला वाया चाललाय बघून तिनं मेथीगत खुडला, जुड्या बांधल्या आणि खानापूरच्या बाजारात जाऊन बसली. "डोंगरची भाजी घ्याऽऽ!" सगळ्या जुड्या खपल्या!

पुढच्या बाजाराला मीही तिच्यासोबत होतो. एक बाई तिला शोधतच आली.

पारवाक्का चपापली. "का गं, भाजी आवडली न्हाय व्हय?"

"चवीचं जाऊ दे आक्का. आमचं मामंजी भजनाला बसलं की पहिल्याच अभंगाला घोरायचं. परवा तुझी भाजी खाऊन गेलं. पेटीवाला घरला आला, तबलेवाला आला, टाळकरी आलं..."

"आणि मामंजी?"

"त्यासाठीच आलेय. ही भाजी उतरवायला काय देतात?"