अम्मीची इद्दत

अब्बा गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी फुफी उरणजवळच्या मोऱ्याहून आली ती कपड्यांची पिशवी घेऊनच. फुफी म्हणजे अब्बांची धाकटी बहीण, स्वतः फार लवकर विधवा झालेली. आल्या आल्या तिनं करंजाड्याच्या आमच्या फ्लॅटमधल्या कपाटाच्या आरशावर चादर टाकली, खिडकीच्या पडद्याला सेफ्टी पिना लावल्या आणि अम्मीला म्हणाली, "भाभी, आता तू हितनं हलायचं नाय. बाकी समदं मी बघते."

नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस घरात राहून शोक पाळायचा, ती इद्दत. साधे कपडे, दागिना नाही, अत्तर-सुरमा नाही, दुसऱ्या लग्नाची बोलणी नाहीत, गरज नसेल तर बाहेर पडणं नाही. एवढं मला माहीत होतं आणि ते मला कधी खटकलंही नाही. उलट ऑफिसात कुणी नाक मुरडून विचारलं की मीच सुनावायची, की बाबा रे, मला बाप गेल्यावर महाप्याच्या कंपनीनं आठवडाभराची रजा दिली आणि उपकार केल्यासारखं तोंड केलं. माझ्या आईला रडायला हक्काचे चार महिने तरी मिळतायत.

पण फुफीची इद्दत वेगळीच निघाली. आरसा बघायचा नाही. चंद्र बघायचा नाही. गॅलरीत जायचं नाही, कारण डोक्यावर उघडं आभाळ येतं. वॉचमन टँकरचं सांगायला दारात आला तरी अम्मीचा आवाज बाहेर जाता कामा नये. आणि उंबरा ओलांडला तर इद्दत तुटते, मग सगळी मोजणी पहिल्यापासून, वर अब्बांच्या रूहला तकलीफ.

"हे कुठं लिहिलंय?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी मुळात तापट, मनात ठेवायची सवय नाही.

"लिवायला कशाला पायजे? आमच्या समद्या बायांनी केलं. मी केलं."

यावर बोलायची सोयच नव्हती. फुफीची इद्दत आमच्या नात्यात उदाहरण म्हणून सांगतात. मयतीच्या घरी बायका जमल्या की हमखास कुणीतरी म्हणणार, इद्दत पाळावी तर मोऱ्याच्या बाईनं, पोर वयात विधवा झाली पण बोट बाहेर दिसू दिलं नाही. फुफी तेव्हा मान खाली घालायची. तिच्याजवळ तेवढा एकच मान होता, असं मला आता वाटतं.

नवल वाटायचं ते अम्मीचं. माझी अम्मी मराठी तर्जुमा शेजारी ठेवून कुराण वाचणारी बाई. मी कॉलेजात असताना एकदा तिनं मला विचारलं होतं, नमाज का पढतेस? मी म्हटलं, तू ओरडतेस म्हणून. तर म्हणाली, "मग आज राहू दे. माझ्या भीतीनं उठाबशा काढून अल्लाहला काय करायचंय? आधी विचार कर, पटलं की पढ." मी चार दिवस विचार केला आणि मग पढले, आजतागायत पढते. अशी ही बाई आता फुफी म्हणेल त्याला मुंडी हलवत होती. मी चिडून विचारलं, "तू काहीच कसं बोलत नाहीस?"

"त्यांच्यासाठी आता एवढंच करता येतंय मला," ती म्हणाली. "करू दे ना गो." मग मीही फुफीशी वाद घालणं सोडलं.

चौथ्या महिन्यात एका दुपारी मी घरूनच काम करत होते. अम्मी चहा गाळत होती आणि चहा कपाच्या बाहेर, सरळ ओट्यावर चालला होता. गाळणीच्या खाली कप नव्हताच. मी धावत जाऊन तिच्या हातातलं पातेलं घेतलं.

"या डोळ्यापुढे खालून काळं येतंय," ती हळूच म्हणाली. "पडद्यासारखं. आधी नुसतं वीज चमकल्यागत व्हायचं."

"कधीपासून?"

"दोन-तीन दिवस."

"आणि मला आत्ता सांगतेस?"

"तुझ्या फुफीला सांगितलं होतं."

फुफी दारातच उभी होती. "रडून रडून होतं तसं. मी रोज मक्केचं झमझमचं पानी लावते. आता थोडेच दिवस राहिले, कशाला तोडायची इद्दत? आणि डॉक्टर मरद मानूस असला तर?"

माझं डोकंच फिरलं. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तशीच पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. अब्बांचा मोतीबिंदू त्यांनीच काढला होता. ते म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय, आत्ताच्या आत्ता घेऊन या, मधला भाग सुटला तर नजर परत येईल याची खात्री नाही.

मी रिक्षा बघायला निघाले तर अम्मी खुर्चीतून उठेना. "इद्दत तुटली तर?"

"तुझा डोळा चाललाय, अम्मी!"

"तू रागात बोलतेस, ही भीतीनं बोलते. दोघींना ठाऊक नाही आणि मलाही नाही." किती दिवसांनी तिचा तो जुना आवाज ऐकला मी. "मशिदीत मौलानांना फोन लाव. माझं मीच विचारते."

खरं सांगते, मौलाना फुफीचीच री ओढणार, याबद्दल मला शंका नव्हती. मी म्हटलं, "आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर का नाही, तेही विचारीन. लाव फोन."

फोन स्पीकरवर ठेवला. मौलाना तरुण होते, हिंदीत बोलत होते. अम्मीनं सगळं नीट सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही. त्यांनी मधे तोडलं नाही. मग म्हणाले, इलाजासाठी जायला काहीच हरकत नाही. दवाखान्यात राहावं लागलं तर राहा. इद्दत उंबऱ्यानं तुटत नाही, तुम्ही जिथं असाल तिथं ती चालू राहते. डॉक्टर पुरुष असले तरी चालेल, इलाज आहे हा. डोळा अल्लाहची अमानत आहे, त्यानं दिलेली ठेव, तो सांभाळणं हाही धर्मच आहे.

अम्मी म्हणाली, "आरसा? चंद्र?"

"ते लोकांचं आहे," मौलाना म्हणाले. "पण आपा, विचारायला एवढा उशीर का केलात?"

अम्मी उठली, बुरखा चढवला. मी फुफीकडे बघितलं, आता काहीतरी बोलेल म्हणून. ती भिंतीला टेकून उभी होती. मग तिनंही गुपचूप बुरखा घातला आणि आमच्यामागून जिना उतरली.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. मधला भाग सुटलाच होता. डॉक्टर म्हणाले, उजेड कळेल, माणूस आला-गेला कळेल, पण त्या डोळ्यानं अक्षर लागायचं नाही. दुसरा डोळा चांगला आहे. डोळ्यात गॅस भरला होता, म्हणून आठवडाभर मान खाली घालूनच राहायचं होतं, झोपतानाही पालथं. घरी आल्यावर अम्मी नमाजात जमिनीला टेकतात तसं कपाळ उशीत टेकवून म्हणाली, "बघ गो, डॉक्टरनं मला सजद्यातच ठेवलंय." मी हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. आणि फुफीवर राग तर असा साठला होता की विचारू नका. दोन दिवस आधी आणलं असतं तर, हे एक वाक्य मी धार लावून तयार ठेवलं होतं.

फुफी त्या आठवड्यात अम्मीच्या शेजारून हलली नाही. जमिनीवर बसून खालून घास भरवायची, डोळ्यात थेंब घालायची. एका सकाळी मी थेंबांची बाटली द्यायला आत गेले तेव्हा ती अम्मीला विचारत होती.

"भाभी, तो मौलाना म्हनला, आजारपनाला जाता येतं. ते काय सवताच्याच? का पोराच्या पन?"

"पोराच्या पण," अम्मी म्हणाली.

फुफीला एक मुलगा झाला होता आणि तो तापानं गेला, एवढंच आम्हा मुलांना माहीत होतं. कधी गेला ते कुणी सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं.

"तवा माझी इद्दत चालू होती," फुफी म्हणाली. "सासू त्याला उरनला दवाखान्यात घेऊन गेली. घरी आली का मला सांगायची, तुझ्या नावानं हाका मारतोय. मी उंबऱ्यापोत जायची नी परत यायची. मला वाटायचं, अल्लाहला हेच पायजे असंल. तीन दिवस हाका मारल्या त्यानं." ती रडत नव्हती. "लोक म्हनायचे, इद्दत पाळावी तर हिनं. मी ऐकून घ्यायची."

माझं ते धार लावलेलं वाक्य कुठं गेलं मला कळलं नाही.

अम्मीला मान वर करायची परवानगी नव्हती. तिनं तशीच, जमिनीकडे तोंड करून, चाचपडत फुफीचा हात धरला. "तुझा काय गुन्हा गो? तुला कुणी सांगितलंच नव्हतं."

"नाय भाभी," फुफी म्हणाली. "सांगनारा रोज घरी यायचा. मशिदीतला मौलाना सासऱ्याबरोबर चा प्यायला यायचा, नी मी हितल्या हितं पडद्याआड बसलेली. एक हाक मारून विचारायचं होतं, जाऊ का म्हनून. मला कुनी नको म्हनलं नव्हतं. मीच नाय विचारलं."