आधी गोणपाट टाका

जमीन खणायची नोकरी केली की किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप वर येतात. आम्ही खात्यातले जुने चार-पाच जण अजून महिन्यातून एकदा बोरिवलीत चहाला जमतो. कुणी पंपाचे किस्से सांगतो, कुणी साहेबांचे. मी हाडांचे सांगतो. त्यामुळे हल्ली माझी पाळी शेवटी ठेवतात, बिस्किटं संपल्यावर.

ऐंशीच्या दशकात मी उपनगरांत पाण्याच्या पाईपलाईनवर ओव्हरसियर होतो. नवा डिप्लोमा, नवे बूट आणि अंगात भलतीच मस्ती. हाताखाली बारा माणसांची गँग आणि तिचे मुकादम सोपानराव कांबळे. मराठवाड्यातून आलेले, वयानं माझ्या वडिलांएवढे. ते मला 'साहेब' म्हणायचे, पण अदबीनं उभा राहायचो मी.

* * *

पहिल्याच आठवड्यात वरून परिपत्रक आलं. चरात हाडं किंवा जुनी भांडी सापडली तर काम थांबवा, कशाला हात लावू नका, पोलिसांना आणि वरिष्ठांना कळवा, भांडी जुनी वाटली तर पुरातत्त्ववाल्यांना सांगा. मी ते गँगपुढं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"समदं बराबर हाय," सोपानराव म्हणाले. "पर दोन गोष्टी राहिल्या. आधी वरून गोणपाट टाकायचं. कुणालाबी असं उघडं ठेवू नये."

"आणि दुसरी?"

"तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं."

"म्हातारा काय सांगणार? पोलीस आहेत ना."

"मारलं कुणी ते पोलीस हुडकतो, साहेब. गेलं कोण, ते म्हाताऱ्याला ठावं असतं."

मी परिपत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. त्यात जे छापलं नव्हतं ते करायला मी काय वेडा होतो?

* * *

अंधेरीला एका तबेल्यामागे लांबच लांब हाडं निघाली. मी परिपत्रक अक्षर न् अक्षर पाळलं. काम बंद, दोरी बांधली, पोलीस बोलावले. तासाभरात जत्रा जमली. एकानं सांगितलं खून झालाय, दुसऱ्यानं कुणाचा झालाय तेही सांगितलं. इन्स्पेक्टर आले, कागद काढले, पंच शोधायला लागले.

तेवढ्यात तबेल्याचा म्हातारा मालक काठी टेकत आला. चरात वाकून बघितलं आणि मटकन खाली बसला.

"अरे, ये तो हमारी कजरी है."

म्हैस! सगळी गर्दी खो खो हसली. इन्स्पेक्टरनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्याच बुटांत शिरावंसं वाटलं. म्हातारा मात्र खरंच रडत होता. "सात बार ब्याई, साब. एक बार लात नहीं मारी."

सोपानराव हसले नाहीत. गर्दी पांगल्यावर त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, "कुठं ठेवायची हिला?" आणि चार माणसं घेऊन तबेल्याच्या मागे दुसरा खड्डा खणून दिला. ही मजुरी हजेरीत कुठल्या कामात दाखवायची, असं मी विचारलं. ते खड्ड्यात माती लोटत राहिले.

* * *

बोरिवलीला डोंगराच्या पायथ्याशी एक मडकं निघालं. लालसर, गळ्याभोवती नक्षी, जवळजवळ अख्खं. माझं डोकंच फिरलं. पेपरात फोटो येणार, खाली माझं नाव येणार! सोपानराव नको नको म्हणत असताना मी ते उपटून काढलं, घरी नेलं, साबणानं घासून चकचकीत केलं आणि दुसऱ्या दिवशी टॉवेलात गुंडाळून एका कॉलेजातल्या इतिहासाच्या बाईंकडे गेलो.

बाईंनी मडकं हातात घेतलं. त्याच्या आत बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"धुतलंत?"

"हो मॅडम, स्वच्छ करून आणलंय."

"कुठल्या थरात होतं? वर काय होतं, खाली काय होतं?"

"माती होती."

बाईंनी बोट रुमालाला पुसलं. मग मडकं परत टॉवेलात ठेवत म्हणाल्या, "यात काय होतं ते ह्याच्या तळाला लागलेलं असतं. ते तुम्ही मोरीत सोडलंत." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे कुठलंही खापर निघालं की मी हात मागे बांधून उभा राहायचो.

* * *

मुलुंडला एका चाळीच्या मागे फडक्यानं तोंड बांधलेलं तांब्याएवढं मडकं निघालं. गँगमध्ये कुजबुज: सोनं. या वेळी मीच गोणपाट टाकलं आणि मीच चाळीतल्या म्हाताऱ्या बाईंना विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, "ते शेजारच्या काकांच्या अस्थी आहेत रे. मुलगा दुबईला होता. येऊन नाशिकला नेतो म्हणाला, तोवर मी जपून पुरून ठेवल्या." किती वर्षं झाली, हे मी विचारलं. त्या बोटांवर मोजायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

* * *

घाटकोपरचा किस्सा मी चहाला सांगत नाही. आज सांगतो.

टेकडीच्या उतारावर चरात कवटी दिसली. माणसाचीच. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथला पाईपचा जोड पुरा झालाच पाहिजे, असा वरून दम होता. कंत्राटदाराचा माणूस माझ्या कानाशी म्हणाला, "कोणी बघितलं नाय. टाका माती, साहेब. झकास काम होईल." सोपानरावांनी पहार खाली ठेवली. "माझ्या हातनं व्हायचं न्हाई."

मी शेजारची गँग बोलावली आणि माती टाकून घेतली. जोड वेळेत झाला. साहेबांनी पाठ थोपटली.

कोण होतं, बाई की पुरुष, कुणी वाट बघत होतं का, काही कळलं नाही, आणि आता कळणारही नाही. मला त्याची अजून लाज वाटते. सोपानराव त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

* * *

हा त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातला. मनोरीच्या बाजूला खाडीपलीकडे एक छोटा कोळीवाडा. विहिरीचं पाणी खारट झालेलं, बायका डोक्यावर हंडे घेऊन अर्धा मैल चालायच्या. आमची लाईन आली की वाड्यात पहिल्यांदा नळ येणार होता. पावसाच्या आत जोडली नाही तर चर बुजवावा लागणार आणि काम थेट दिवाळीनंतर.

आखलेल्या रेघेत खडक लागला. मी कुणाला न विचारता रेघ चार हात सरकवली, हिराबाय नावाच्या म्हातारीच्या अंगणाकडे. दुपारी टिकाव मडक्याला लागला. मडक्याशेजारी हाडं होती, बोटाएवढी बारीक. सोपानरावांनी गोणपाट टाकलं.

वाडा जमला. पुढारी म्हणाला, "कोंबडीची हाडं हायत, साहेब. माती टाका. पोलीस आलं तर आमच्या पाण्याची वाट लागंल." मागे बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. एकही माझ्या नजरेला नजर देईना. हाडं कोंबडीची नाहीत, हे त्यांना कळलं होतं, मलाही.

मी माणूस पोलिसांकडे पाठवला. वाड्यानं मला काय काय म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही. सोपानराव मात्र हिराबायच्या दारात गेले.

ती आली, चराच्या काठावर बसली. गोणपाट उचलायला सांगितलं नाही. "मडक्यावर पणती पालथी हाय का?" तिनं विचारलं. "एका कडंला फुटलेली?"

सोपानरावांनी गोणपाटाचं टोक वर करून बघितलं. होती.

"मडक्यात दूध व्हतं," हिराबाय म्हणाली. "झाकायला चांगली पणती सासूनं दिली नाय."

गर्दीतला पुढारी मान खाली घालून मागे सरकला.

हवालदार होडीनं आले, मागोमाग सरकारी डॉक्टर. डॉक्टरांनी बघून सांगितलं: हाडं जुनी आहेत, तान्ह्या बाळाची आहेत, संशय घेण्यासारखं काही नाही. पुढचं आधीच सांगून टाकतो: बाळ जागेवरच राहिलं, मी रेघ पुन्हा वळवली, सोपानरावांच्या गँगनं खडक हातानं फोडला आणि पावसाच्या आत पाणी आलं. पण मला सांगायचंय ते जबाबाचं.

हवालदार अंगणात बाजेवर बसून लिहीत होते. "मयताचं नाव?"

"नाव नाय," हिराबाय म्हणाली. "दहा दिसांचा व्हता. बारसा झाला नाय."

"रकाना मोकळा ठेवता येत नाही, आजी. 'अज्ञात' लिहितो."

"अज्ञात कसा? माजा पोर हाय तो." तिनं त्यांचा हात धरला. "थांब जरा."

तिनं सुनेला पाठवून दोन घरं पलीकडून नणंदेला बोलावलं. जानाबाय तिच्याएवढीच म्हातारी. मासळी साफ करत होती, हात पदराला पुसत आली. हिराबाय तिला हळू काहीतरी बोलली.  मग सोपानरावांनी हात दिला आणि जानाबाय चरात उतरली. गुडघे टेकले, गोणपाटापाशी तोंड नेलं, 'कुर्र्र' केलं आणि काहीतरी सांगितलं. आम्हाला कुणाला ऐकू आलं नाही.

काठावरून हिराबाय वाकली आणि तिनं नणंदेच्या पाठीत बारशाला घालतात तसा धपाटा घातला.

मग ती हवालदारांकडे वळली.

"आत्यानं नाव ठेवलंय. तिला इचार, नि लिव."