व्यापाराच्या खोक्याचा भाव

वडील गेल्यावर घर आवरताना भांडी, कपाटं, सगळ्याची वाटणी सुरळीत झाली. अडलं ते व्यापाराच्या खेळाच्या जुन्या खोक्यापाशी. ते मला हवं होतं आणि धाकट्या बहिणीलाही. आमच्या घरी लहानपणापासून शेंगापोळीचा एक नियम होता: एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचं. खोक्याचे वाटे होत नाहीत. म्हणून मी भाव ठरवायचा आणि तिने निवडायचं, खोकं की पैसे. खोकं ज्याच्याकडे जाईल त्याने दुसऱ्याला अर्धी रक्कम द्यायची.

तो आठवडा मी धड बसलो नाही. ऑनलाइन कुणी पाच हजार सांगत होतं, पण सांगितलेला भाव वेगळा आणि मिळालेला वेगळा. जुने खेळ जमवणाऱ्या पुण्याच्या एका गृहस्थांना फोटो पाठवले. संच पूर्ण असता तर दोन हजार, असं ते म्हणाले. मग फाटलेलं झाकण, कमी भरलेल्या नोटा, हरवलेली सोंगटी असं वजा करत बाराशेवर आलो. जेवताना, गाडी चालवताना पुन्हा तीच वजाबाकी.

बायको म्हणाली, "अहो, खोकं हवंय ना तुम्हाला? मग चार हजार सांगा. त्या पैसे घेऊन मोकळ्या होतील."

"मला हवंय म्हणून भाव वाढतो होय?"

"मग बसा वजा करत!"

रविवारी बहीण करकंबहून आली. चहा यायच्या आत मी बाराशे सांगितले, कारणंही सांगितली.

"झालं का दादा?" तिने सहाशे रुपये टेबलावर ठेवले आणि खोकं मांडीवर घेतलं.

"अगं, विचार तरी कर."

"लई केलाय. मी दोन हजार द्यायच्या तयारीनं आले होते. एवढं स्वस्त लावशील असं वाटलं न्हवतं."

"स्वस्त नाही, बरोबर लावलंय."

"बरोबरच हाय की. म्हणून तर उचललं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी तुला तीन हजार देतो."

स्वयंपाकघरातून बायको हसली. बहीण मात्र हसली नाही. "आता वस्तू माझी," ती म्हणाली. "भाव मी ठरवणार. बघू, सांगते."

अजून तिने सांगितलेला नाही. विचारायला फोन उचलतो आणि ठेवून देतो. ती म्हणेल तो आकडा द्यायची माझी तयारी आहे, आणि झोप उडालीय ती त्यानेच.